व्यथित प्रदाता

डॉक्टर चौलकरांना पहिला निकाल कधीच मान्य नसतो. मासळीबाजारात कोळणीने सुरमईचा भाव सांगितला की ते शांतपणे विचारतात, "वर कोण आहे?" मग प्रकरण मागे पाटावर बसलेल्या तिच्या सासूकडे जातं. सासू बहुतेक वेळा भाव वाढवते, पण डॉक्टरांचं समाधान होतं.

माझी त्यांची ओळखही अशीच झाली. मी मुरुडच्या स्टँडवर एसटीचा कंट्रोलर होतो. कंडक्टरने त्यांची आंब्यांची करंडी गाडीत घ्यायला नकार दिला आणि डॉक्टर माझ्या खिडकीशी आले. मीही नकार दिला.

"तुमच्या वर कोण?"

"पेणचं विभागीय कार्यालय," मी चिडून म्हटलं.

करंडी माझ्या टेबलाखाली सरकवून हा माणूस खरंच पेणला गेला. तिथे काय निकाल लागला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तोवर आंबे पिकले होते, ते आम्ही दोघांनी खाल्ले. आता मी निवृत्त आहे, तरी त्यांच्यासाठी अजून 'कंट्रोलर'च.

त्यांचा दवाखाना माझ्या घराशेजारी. खाली मोजक्या खाटांचा वॉर्ड, वर त्यांचं घर. सरकारी आरोग्य योजनेत दवाखान्याचं नाव होतं, म्हणून हर्निया, अपेंडिक्स असली ऑपरेशनं गरिबांना फुकट होत. एका अमावास्येला तपासणीचं पथक आलं. आता आमच्याकडे अमावास्येला दवाखान्यातून कोणी घरी जात नाही, दुखणं मागोमाग येतं म्हणतात. हिराबाई कोळीण कागदावर बरी होऊन कधीच घरी गेलेली, आणि प्रत्यक्षात खाटेवर मांडी घालून वाल सोलत होती. साहेबांनी विचारपूस केली.

"मला काय बी झालेला न्हाय," ती म्हणाली. "आज अवस हाय. उद्या जाईन."

पथकाने 'बोगस रुग्ण' असं लिहिलं आणि योजनेतून नाव गेलं. ते परत आलं नाही तर दवाखाना बंद होणार आणि साध्या अपेंडिक्ससाठी आमच्या लोकांनी अलिबाग गाठायचं.

डॉक्टर मात्र उत्साहात होते. राज्याने नुकताच कायदा केला होता, की सरकारी पैशातून उपचार करणाऱ्या दवाखान्यांना अशा निकालावर अपील करता येईल. ज्या प्रश्नाने त्यांनी सगळ्या मुरुडला पिडलं, तो आता सरकारनेच छापला होता. कायद्याची प्रत घेऊन ते माझ्या ओटीवर येऊन बसले.

"'व्यथित प्रदात्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अपील दाखल करावे,'" मी वाचलं.

"व्यथित प्रदाता कोण?"

"तुम्ही."

ते विचारात पडले. "व्यथित ठीक आहे. प्रदाता कधी झालो?"

सक्षम प्राधिकारी कोण, हे कलमात नव्हतं. ते नियमांत होतं, आणि नियम अजून यायचे होते. संगणकावर अर्ज उघडायला योजनेतला नंबर लागे, आणि योजनेतून नाव गेल्यामुळे नंबर बंद. फोनवरच्या बाई म्हणाल्या, आधी नंबर चालू करून घ्या. तो कसा, विचारलं तर म्हणाल्या, अपील करा. मी आयुष्यभर लोकांना एसटीचं वेळापत्रक समजावलं, पण इथे गाडी कुठून सुटते तेच मला कळेना. आम्ही दिसेल त्या कचेरीत अर्ज देत सुटलो.

आणि एके दिवशी अलिबागहून सुनावणीचं बोलावणं आलं. आमचा कुठला अर्ज कोणाला पोचला, देव जाणे.

जाताना गाडीत मी डॉक्टरांना बजावलं, "फक्त अमावास्येचं सांगा. जास्त बोलू नका."

सुनावणी घेणाऱ्या मॅडम समंजस निघाल्या. "आमच्या घरीही अमावास्या पाळतात," असं म्हणून त्यांनी लिहायला घेतलं. जिंकलो म्हणून मी पिशवी उचलली, तेवढ्यात डॉक्टर बोललेच.

"पण मॅडम, अमावास्या एका दिवसाची. हिराबाई चार दिवस आधीच बरी झाली होती. मीच तिला ठेवून घेतलं."

"त्या दिवसांचं बिल योजनेला लावलंत?"

"छे. ती माझी पाहुणी."

"मग ठेवलं कशाला?"

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. "बायको होती तोवर वॉर्ड तीच बघायची. ती गेली. आता वर मी एकटाच असतो. खाली कोणी खोकलं तरी बरं वाटतं."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. इतकी वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं.

दवाखान्याचं नाव परत योजनेत आलं, पण एका अटीवर: सुट्टी दिली की खाट त्याच दिवशी रिकामी करायची, अमावास्या असो वा नसो. डॉक्टरांनी काहीही न विचारता सही केली.

गेल्या आठवड्यात वॉर्डात उरलेला एकुलता पेशंटही बरा होऊन घरी गेला. संध्याकाळी मी सहज दवाखान्याच्या पडवीत जाऊन बसलो. आत सगळ्या खाटांवर चादरी ताणून घातलेल्या होत्या. काय करावं कळेना, म्हणून मी खोकलो.

डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊनच खाली आले. माझ्या छातीला लावून बराच वेळ ऐकत राहिले. मला काहीही झालेलं नाही, हे त्यांना कळलं होतं.

"लक्ष ठेवावं लागेल," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी येत जा."