कानांवरून माणूस ओळखणारे काळूतात्या

काळूतात्या माणसाच्या तोंडाकडे बघून कधी बोलले नाहीत. ते कानाकडे बघून बोलायचे. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, माझ्यामागे कुणीतरी उभं आहे. मी दोनदा वळून बघितलं. मागे फक्त झेरॉक्सचं मशीन.

"वळा, वळा," तात्या समाधानानं म्हणाले. "आता डावा पण दिसला. तुमची आई मुरबाडकडची ना?"

आई मुरबाडचीच होती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहापूरला एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान होतं. तात्या आटगावजवळच्या एका गावचे, वाशिंदला कारखान्याच्या गेटवर वॉचमन. गेटमधून रोज शेकडो माणसं रांगेनं जायची, आणि खुर्चीत बसलेल्या तात्यांना ती फक्त एका बाजूनं दिसायची. त्यामुळे माणूस म्हणजे त्याचा कान, असा त्यांचा पक्का समज होऊन बसला होता.

"तोंड खोटं बोलंल भाऊ, कान नाय बोलायचा," ते म्हणायचे. "तोंड सुजतं, दात पडून आत बसतं. कान बापाचा तसाच पोराचा."

लग्नात जेवायला बसले की पंगतीतले कान न्याहाळत बसायचे. बायका कानातल्या सोन्यावर पदर ओढून घ्यायच्या. म्हसा गावच्या जत्रेत तर त्यांनी बंदोबस्तावरच्या हवालदाराला सांगितलं, "साहेब, टोपी जरा वर करा." हवालदारानं टोपी वर केली नाही, काठी वर केली. तरी तात्या दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. "नाय लागला तो," एवढंच म्हणाले.

नाय लागला म्हणजे फोटोतल्या कुणाशी जुळला नाही. त्या फोटोंचं सांगायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या बाजूला छावणीत जखमी सैनिकांचा दवाखाना होता. बरे होत आलेले शिपाई तिथे काही दिवस राहायचे. कुणा फोटोवाल्यानं त्यांचे फोटो काढले होते. कुणी खाटेवर, कुणी व्हरांड्यात कुबड्या घेऊन, मध्ये पांढऱ्या टोपीतल्या नर्सबाई. पुढे तो स्टुडिओ बंद पडला, गठ्ठा रद्दीत निघाला, आणि तात्यांनी तो उचलला. एकाही फोटोमागे नाव नव्हतं. ती नावं आपण लावायची, असं त्यांनी घेतलं मनावर.

तात्यांचे वडील त्याच लढाईवर गेले होते. तात्या तेव्हा पोटात. आईला एवढंच कळलं की नवरा जखमी होऊन कल्याणच्या दवाखान्यात आला, बरा झाला आणि पुन्हा गेला. नंतर ना माणूस आला ना निरोप. घरात त्याचा फोटो नव्हता. त्याला भाऊबहीण नव्हते. आई गेली आणि तो दिसायचा कसा हे सांगणारंच कुणी उरलं नाही.

"यातलाच एक माझा बा आसंल," गठ्ठ्यावर हात ठेवून तात्या म्हणायचे. "पन मी त्याला वळखत नाय. काय करता?"

"तुमचाच कान लावून बघा की," मी एकदा म्हणालो.

"माझा कान आईचा. आईच सांगायची, तू सगळा माझ्यावर गेलास."

आईनं सांगितलेलं खोटं कसं म्हणायचं? तो मार्ग तिथेच बंद झाला. मग तात्या दुसऱ्यांचे बाप शोधत फिरू लागले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. फोटोतला एकेक कान मी झेरॉक्सवर भाकरीएवढा मोठा करून द्यायचा. माझं मशीन जुनं, प्रत्येक कागदावर कुठे ना कुठे काळा ठिपका सोडायचं. त्यामुळे ठिपका दिसला की तो मशीनचा, हे आम्ही दोघांनी धरूनच टाकलं होतं. मग ते कागद घेऊन तात्या गावोगाव जायचे. ज्या घरातून माणूस लढाईवर गेला होता, त्या घरातल्यांचे कान बघायचे. जुळला तर मूळ फोटो त्या घराला देऊन टाकायचा, स्वतःजवळ झेरॉक्स ठेवायची. मनात जरा जरी शंका असली तर नाव लावायचे नाहीत. मी कधीतरी वैतागून म्हणायचो, "तात्या, लावा हो, कोण बघायला येतंय!" ते दिवसभर माझ्याशी बोलायचे नाहीत.

मुरबाडला त्यांना एक नर्सबाई सापडल्या. भाचेसुनेकडे राहायच्या, अंथरुणाला खिळलेल्या. तात्यांनी फोटो पुढे धरला. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही पोरगी कोन रे? किती ताठ उभी हाय!" ती पोरगी म्हणजे त्याच होत्या. भाचेसून दारात उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून तिनं त्यांना 'म्हातारे' म्हणून हाक मारणं सोडलं, असं तात्या मोठ्या अभिमानानं सांगायचे.

किन्हवलीच्या ठकूआजींचा नवराही त्याच दवाखान्यात होता. लग्नानंतर वर्षभरात लढाईवर गेला तो परत आला नाही, मूलबाळ नाही. म्हातारी पुतण्याच्या आधारानं राहायची. पुतण्याचा कान एका फोटोशी जुळला. तशीच गालाला चिकटलेली पाळी, तशीच रुंद कड. कडेवर वरच्या बाजूला एक काळा ठिपका होता, पुतण्याच्या कानावर तसं काही नव्हतं. पण ठिपका मशीनचा. तात्यांनी नाव लावलं आणि फोटो किन्हवलीला पोचवला. म्हातारीनं त्याला फ्रेम केली, हार घातला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, गणपतीच्या दिवसांत, तात्या माझ्या शेजारच्या सलूनमध्ये केस कापायला बसले. एरवी ते गावातच झाडाखाली बसून कापून घ्यायचे, पण गावचा न्हावी लेकीकडे गेला होता. केस झाल्यावर सलूनवाल्यानं रीतीप्रमाणे हातातला आरसा डोक्यामागे धरला आणि एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवला. मी दारात चहा पीत उभा होतो. समोरच्या आरशात तात्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा कान बाजूनं दिसला.

त्यांनी आरसा धरणाऱ्याचा हात पकडला. चिकटलेली पाळी. रुंद कड. आणि कडेवर वरच्या बाजूला वरईच्या दाण्याएवढी गाठ.

तात्या पैसे ठेवून तडक बाहेर पडले. त्यानंतर बरेच दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. मला सगळं समजलं होतं. गणपती उठले, पितृपक्ष लागला, तेव्हा एका सकाळी आले. तोंड उतरलेलं.

"भाऊ, स्कूटर काढा. किन्हवलीला जाऊ. ठिपका मशीनचा नसंल तर अस्सल फोटोत पन आसंल."

ठकूआजींच्या घरी वडे तळल्याचा वास सुटला होता. तात्या चपला काढून थेट भिंतीकडे गेले. हार बाजूला सारून फोटोला नाक लावून बघत राहिले. मी मागून बघितलं. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलेला एक तरुण शिपाई, गळ्यात हात अडकवलेला, तोंड एका बाजूला वळवलेलं. एवढ्या जवळून बघितल्यावर कानाच्या कडेवरची बारीक गाठ दिसत होती. मशीनचा काही संबंध नव्हता. तात्या शोधत होते तो माणूस त्यांनी स्वतःच्या हातानं दुसऱ्याला देऊन टाकला होता.

"काय बगतोस रे?" ठकूआजी आतून आल्या. "चुकलं का काय त्यात?"

तात्या वळले.

"तुला म्हनून सांगते," म्हातारी जवळ येऊन म्हणाली. "मी त्यांचं तोंड विसरले व्हते रे. कुनाला सांगायची लाज वाटायची. नवऱ्याचं तोंड विसरली म्हनतील. तू फोटो आनलास आनि सगळं आठवलं. हसायचे कसे, तंबाखू मळायचे कसे. आता रोज दिसतात. तुजं लई बरं व्हईल."

तात्यांनी फोटोवरचा हार सरळ केला आणि ते म्हणाले, "नाय गो आजी. काय चुकलं नाय. बराबर हाय."

खात्रीशिवाय नाव न लावणारा हा माणूस, आणि खात्री झाली त्याच दिवशी तो असं बोलला.

"मग बरा आलास," म्हातारी म्हणाली. "आज त्यांचं पान हाय. पुतन्या ड्युटीवर गेलाय, दुपारशिवाय येत नाय. पान पुरुषानं ठेवायचं. तूच ठेव."

तिनं केळीच्या पानावर भात, वरण, भोपळ्याची भाजी, वडे वाढले. तात्यांनी हातपाय धुतले, पान दोन्ही हातांनी उचललं आणि फोटोखाली पाटावर नेऊन ठेवलं.

"नाव घेऊन बोलव त्यांना," म्हातारी दाराआडून म्हणाली. "मला घेता येत नाय." नवऱ्याचं नाव तिनं जन्मात उच्चारलं नव्हतं.

तात्या हात जोडून उभे राहिले. तिच्या नवऱ्याचं नाव त्यांना घेता येईना, आणि स्वतःच्या बापाचं घ्यावं तर म्हातारीच्या घरात ते कसं घ्यायचं? पन्नाशी उलटलेला तो माणूस फोटोकडे बघत होता. कानाकडे नाही, तोंडाकडे.

"बा," ते म्हणाले. "जेव रे, बा."

ठकूआजींनी पदर डोळ्यांना लावला.

"माझ्या पोटी पोर आसतं," त्या म्हणाल्या, "तर आसंच बोलवलं आसतं त्यानं."