नलवडे सरांचा जागा थर

नलवडे सरांच्या घरात शिरताना चपला बाहेर काढायच्या आणि श्वासही शक्यतो बाहेरच सोडून यायचा. दारावर खडूनं लिहिलेलं होतं : 'दार आपटू नये. खोकला असेल त्यानं अंगणातच खोकून घ्यावं.' पाटणला नोकरी लागून मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी ट्रंक जरा दणक्यात टेकवली. भिंतीपलीकडून आवाज आला, "आवं नवीन पाव्हणं, तो हत्ती जरा हळू बांधा!"

सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, मी मराठी. म्हणून मी त्यांचा कायमचा 'मराठीवाले'. वर्गात त्यांची भाषा अगदी छापील असे. शाळेचं फाटक ओलांडलं की ती गावाकडची होई.

त्यांना वेड होतं थरांचं. एसटी स्टँडवरच्या डबक्यात डिझेल सांडून रंगीत कडी उमटली की सर तिथंच उकिडवे बसत. एकदा साताऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. शेवटी कंडक्टर उतरला. "मास्तर, काय हरवलं का?"

"न्हाई रं गड्या. थर बघ, थर! लय पातळ हाय."

कंडक्टरही बसला बघत. गाडी उशिरा सुटली, आणि त्या गाडीत मी होतो.

संध्याकाळी मी तावातावानं विचारलं, "डिझेल काळपट, पाणी गढूळ. मग रंग आले कुठून?" एवढं विचारायचीच खोटी होती.

"मराठीवाले, उजेडाची लाट थरावर पडती. थोडी वरनंच माघारी फिरती. थोडी आत जाती, तळाला लागून मग येती. तिला जरा उशीर हुतो. वाटंत दोघींची गाठ पडली आन् पाऊल जुळलं, तर तो रंग उठून दिसतो. एक चढाला, दुसरी उताराला आसली, तर एकमेकीला खाऊन टाकत्यात. तो रंग गेला! थर किती जाड, त्यावर समदा खेळ."

"आणि फारच पातळ झाला तर?"

"काळा पडतो. समदेच रंग गेले. मग समजायचं, आता कवाबी फुटंल."

हे सगळं त्यांनी घरात बरणीत भरून ठेवलं होतं. लोणच्याची काचेची बरणी, तळाला साबणाचं पाणी, आत तारेचं उभं कडं. बरणी तिरकी करून सरळ केली की कड्यात साबणाचा पडदा धरे आणि त्यावर हिरव्या, जांभळ्या, तांबूस आडव्या पट्ट्या उतरत. पहिले थर चहाला आधण येईपर्यंतही टिकत नसत. सरांनी रिठे उकळले, ग्लिसरीन घातलं, साखरेचा पाक घातला तेव्हा मुंग्याही आल्या. पण माणूस हटला नाही. "फुटला? फुटू दे. दुसरा धरू." असं म्हणत म्हणत त्यांनी तो तास न् तास टिकवून दाखवला.

हा खटाटोप होता त्यांच्या बायकोसाठी, वत्सलावैनींसाठी. सर पूर्वी कोयनानगरला होते. तिथं भूकंपात आतल्या खोलीची भिंत पडली आणि राहायला आलेली वैनींची आई तिच्याखाली सापडून गेली. तेव्हापासून वैनी छपराखाली झोपल्या नव्हत्या. थंडीत अंगणात बाज आणि घोंगडी. पावसाळ्यात ओट्यावर खांबाला टेकून बसायचं आणि खोकायचं. मी सांगलीचा. आम्हाला पूर ठाऊक, आणि पूर निदान पायऱ्या चढत, सांगून येतो. पायाखालची जमीनच उठते म्हणजे काय, ते मला कधी उमजलं नाही.

असा आणखी एक पावसाळा छातीला झेपायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पाऊस लागायच्या आत बायको घरात झोपली पाहिजे, असं सरांनी ठरवलं. समजूत घातली, भांडले, मेव्हण्याला बोलावलं. काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी बरणी समोर ठेवली. "जमीन जराबी हालली तर ह्या पट्ट्या थरथरत्यात. हा थर जागा ऱ्हाईल. मी बघत बसतो. तू झोप."

आणि वैनी झोपल्या. सर स्टाफरूममध्ये हातात खडू घेऊन बसल्या बसल्या पेंगायचे, ते त्यामुळं.

ऐन पावसात आमच्या हेडमास्तरांनी मनावर घेतलं की हा थर साताऱ्याच्या विज्ञान प्रदर्शनात गेलाच पाहिजे. सर म्हणाले, "बरणी घर सोडणार नाही." मग एका रविवारी दुपारी हेडमास्तर स्वतःच आले, मला बरोबर घेऊन. वैनी आत झोपल्या होत्या. सरांनी कौतुकानं बरणीचं झाकण काढलं. हेडमास्तर वाकले. दुर्दैवानं त्यांनी ओट्यावरच तपकिरीची चिमूट ओढली होती.

असली शिंक मी उभ्या जन्मात ऐकली नाही. थर गेलाच. सरांनी बरणीकडं पाहिलंसुद्धा नाही. आतल्या दाराकडं तोंड करून ते ओरडले, "वच्छे, शिंक! शिंक हाय ती! जमीन न्हाई!"

तोवर उशी कवटाळून वैनी आमच्या मधून भर पावसात अंगणात पोचल्या होत्या.

ओशाळलेला माणूस जरा जास्तच बोलतो. हेडमास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, "पण नलवडे, थर थरथरेपर्यंत भूकंप आलेलाच असणार की! हा आधी काय सांगणार, कपाळ?"

त्यांची तपकिरीची डबी त्यांच्याच तोंडात कोंबावी असं मला वाटलं. वैनींनी सगळं ऐकलं होतं. आता पुन्हा तो ओटा, तो खांब, तो खोकला. सरांनी मान खाली घातली. पण विज्ञानात खोटं बोलणं त्या माणसाला जमणारच नव्हतं.

"व्हय," ते हळूच म्हणाले. "हेडमास्तर म्हणत्यात ते खरं हाय."

वैनी पायरी चढून आल्या. पदर पिळला. "मला काय ते आज कळलं व्हय? आवं, मी बरणीच्या जिवावर झोपत न्हाई. तुमी जागं हायसा, म्हणून झोपते." मग उशीची कोरडी बाजू वर करत म्हणाल्या, "फुटला तर फुटला. दुसरा धरा."

आणि त्या आत गेल्या. बाज करकरली.

हेडमास्तरांनी चपला हातात घेतल्या आणि पावसात चवड्यांवर चालत फाटक गाठलं. प्रदर्शनाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

सरांनी बरणी तिरकी केली, सरळ केली. कड्यात नवा थर धरला, रंग उतरले. पट्ट्या थरथरतच राहिल्या, कारण बरणी सरांनी अजून हातातून खाली ठेवली नव्हती.