मावशी निळ्या पडल्या

फोटो दुकानात नेऊन छापायला टाकायचे, एवढंच काम बायकोने मला सांगितलं होतं. पण टाकण्याआधी जरा रंग नीट करून घेऊ, असं माझ्या मनात आलं आणि तिथेच माशी शिंकली. (माझ्या सगळ्या आपत्ती ‘जरा’ या शब्दाने सुरू होतात. ‘जरा नळ घट्ट करतो’ म्हणालो होतो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनी घरात छत्री उघडली होती.)

येत्या रविवारी बायकोच्या मावशींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. बायकोची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं, शिकवलं, वेळप्रसंगी बदडलं ते या मावशींनी. म्हणून चाळीस फोटो निवडून त्यांचा जाडजूड अल्बम करायचा ठरलं. त्यातला एक फोटो लाखमोलाचा. बागेतल्या बाकावर दोघी बहिणी, म्हणजे बायकोची आई आणि मावशी, कशाला तरी पोट धरधरून हसताहेत. आईचा हसरा फोटो तेवढा एकच. कागदावरचा ओल लागून केव्हाच गेला. आता तो फक्त आमच्या कॉम्प्युटरमध्ये होता.

सोमवारी रजा टाकून मी कॉम्प्युटरसमोर बसलो. बघतो तर चाळीसही फोटो पिवळट. आख्खं सासर नुकतंच काविळीतून उठल्यासारखं दिसत होतं. मी एकेकाचा पिवळेपणा काढला, गालांवर तजेला आणला. दर फोटोनंतर कॉम्प्युटर विचारायचा, जुन्याच्या जागी हा नवा ठेवू का? मी म्हणायचो, हो, ठेव. चाळीस वेळा विचारलं बिचाऱ्याने, चाळीस वेळा मी हो म्हणालो.

मंगळवारी दुकानात नमुन्याला तीन फोटो छापून घेतले. तिन्हींतही मावशी निळ्या. नुसत्या निळ्या नाहीत, पार गार पडल्यासारख्या. फोटोवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि हळू आवाजात विचारलं, “आजी बऱ्या आहेत ना?”

बऱ्या आहेत म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने मला समजावलं की तुमचा स्क्रीन एक सांगतो आणि कागद दुसरंच सांगतो. आधी दोघांचं जुळवा. छापलेला फोटो स्क्रीनशेजारी धरा, दोन्ही सारखे दिसेपर्यंत स्क्रीनची बटणं दाबत राहा, आणि मगच फोटोंना हात लावा. बोलायला किती सोपं!

डाव्या हातात फोटो धरून उजव्या हाताने मी बटणं दाबू लागलो. ट्यूबलाइटमध्ये दोन्ही मावशी तंतोतंत जुळल्या. खिडकी उघडली, तर कागदावरच्या मावशी लगेच फिरल्या. पडदा ओढला, तर तिसराच रंग. शेवटी मी म्हटलं, खरी वस्तूच शेजारी हवी. फोटोत मावशींच्या अंगात मोरपंखी स्वेटर होता. धुऊन आणतो असं खोटंच सांगून मी तो त्यांच्याकडून आणला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यावर लटकवला. बायकोने आत येऊन स्वेटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवून ती बाहेर गेली. (लग्नाला एकोणीस वर्षं झाली की बाई अशी संत होते.)

ऑफिसात डोळ्यांचा त्रास म्हणून कळवलं होतं. गुरुवारपर्यंत ते खरंही झालं. मी फोटो सुधारायचो, सेव्ह करायचो, उजेड बदलला की पुन्हा सुधारायचो. शुक्रवारी दुपारी बाकावरचा फोटो उघडला. बायकोच्या आईचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. नाक होतं, पण हसू पार धुऊन निघालं होतं. मागे जायला बघितलं, तर जुना फोटो नव्हताच. मीच त्याच्या जागी नवा ठेवला होता. नळ बिघडला तर प्लंबर येतो. हे कोण दुरुस्त करणार?

संध्याकाळी मावशी स्वतःच आल्या. थंडी वाजत होती आणि जावई एक स्वेटर किती दिवस धुतो, हे त्यांना बघायचं होतं. स्क्रीनवर स्वतःचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, असा रंग झाला असेल तर रविवारी पाहुण्यांऐवजी डॉक्टरांना बोलवा. मग स्वेटर काढताना त्यांचं नख स्क्रीनच्या कोपऱ्याला अडकलं.

“जावईबापू, ही साल कसली?”

आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी ती चर्रकन ओढली.

ती साल नव्हती. चार वर्षांपूर्वी स्क्रीन नवा आला तेव्हा त्यावर एक पातळ प्लास्टिक चिकटवलेलं होतं. काच खराब होऊ नये म्हणून मी ते काढू दिलं नव्हतं. (आमच्या रिमोटवर पिशवी आहे. सोफ्यावरचं आवरण खराब होऊ नये म्हणून त्यावर दुसरं आवरण आहे.) चार वर्षांत ते प्लास्टिक पिवळं पडलं होतं. म्हणजे कावीळ सासरला कधी झालीच नव्हती.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बायको दारात उभी होती. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. चाळीसही फोटो गेले. बाकावरचा पण. “तुझ्या आईचं हसू मी पुसलं गं,” म्हणालो.

ती कपाटाकडे गेली, खणातून पेनड्राइव्ह काढून आणला आणि कॉम्प्युटरला लावला. एकच फोल्डर होता. नाव होतं, ‘ह्यांनी हात लावण्याआधी’. उघडला, तर दोघी बहिणी बाकावर पोट धरधरून हसत होत्या.

इतकं हलकं मला लग्न जमलं तेव्हाही वाटलं नव्हतं. मग कळलं की फोटोवाल्याने मंगळवारीच काळजीने बायकोला फोन केला होता, आजींची तब्येत विचारायला. तिने त्याला याच पेनड्राइव्हवरून फोटो दिले. अल्बम गुरुवारीच तयार झाला होता.

“मग मला सांगायचं नाही का?”

“तुम्ही इतके मन लावून बसला होतात. शिवाय चार दिवस नळ, पंखा, मिक्सर, सगळं सुखरूप होतं.”

रविवारी मावशींनी अल्बम मांडीवर घेतला, बाकावरच्या फोटोपाशी थांबल्या आणि बहिणीच्या गालावरून नुसतं बोट फिरवत राहिल्या. बायको त्यांना टेकून बसली होती. दोघींचे डोळे भरले होते आणि रंग अगदी बरोबर होते.

सोमवारी पेनड्राइव्ह परत ठेवताना माझं लक्ष गेलं. फोल्डरच्या नावापुढे एक आकडा होता. सतरा. मी बायकोला विचारलं, मग आधीचे सोळा कुठे आहेत? ती पोळपाट पुसत होती. तिने मान वरसुद्धा केली नाही.

“आहेत जपून,” म्हणाली. “तुम्ही हात लावू नका.”