जमिनीखालची गादी

"नव्या घरात तू बारा महिने अनवाणी फिरशील!" अशी घोषणा तंद्रीनाथांनी पाया खणायच्या आधीच करून टाकली होती. खरं नाव वेगळं होतं. पण बोलता बोलता हरवायची सवय पाहून सासरच्यांनी हे चिकटवलं, ते चिकटलंच. बायकोचे पाय कायम बर्फासारखे! भाड्याच्या घरातल्या फरशीवर ती मोज्यांवर मोजे चढवून वावरायची आणि ते पाहून यांचा जीव तुटायचा.

म्हणून त्यांनी डोकं पिकेपर्यंत अभ्यास केला आणि जमिनीच्या काँक्रीटखाली घालायला फोमचे कडक तक्ते निवडले. घरातली ऊब मातीत मुरणार नाही, हीटर क्वचितच लागेल! "अगं, जमिनीखालची गादीच समज," त्यांनी बायकोला सांगितलं. मुकादमालाही तसंच सांगितलं. झालं, तेव्हापासून सगळेच त्या तक्त्यांना गादी म्हणू लागले.

तक्ते अंथरले. झोपायच्या खोलीत मात्र पलंगाएवढा तुकडा कमी पडला. तो मागून येणार होता. काँक्रीट ओतायच्या दिवशी, ऑफिस सुटायच्या सुमारास, तंद्रीनाथ ऑफिसच्या खिडकीशी बसले होते. बाहेर ढग सावकाश सरकत होते आणि त्या ढगांवरून त्यांची बायको अनवाणी चालली होती. तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, गादी आली!" मुकादम ओरडला.

"वा! घाला की मग."

"पण ही फुलाफुलांची आहे हो."

"कंपनीने डिझाइन बदललं असेल."

"आणि फार मऊ लागतेय."

बायकोने ढगावर छानशी गिरकी घेतली. "मऊ... हो, मऊच," तंद्रीनाथ पुटपुटले. "मापात बसते ना?"

"अगदी फिट्ट!"

"मग ओता काँक्रीट!"

ऑफिस सुटल्यावर ते बांधकामावर निघाले, तर बायकोही हट्टाने सोबत आली. "माझी पलंगावरची नवी गादी आज येणार होती. नव्या घराचाच पत्ता दिलाय. किती दुकानं पालथी घातली तिच्यासाठी!"

तंद्रीनाथ चालता चालता थांबले. "कशी... कशी आहे गं?"

"फुलाफुलांची!"

दाराशी मुकादम फोमचा तुकडा घेऊन उभा होता. "साहेब, पलंगाची गादी मागाहून आली. पण फार कडक आहे हो, वहिनींना झोप कशी लागणार?"

मग एकच धावपळ! काँक्रीट ओलं होतं म्हणून निभावलं. फावडी चालली, चौघांनी ओढून गादी बाहेर काढली. फुलं कुठे होती, हे ओळखूही येईना. बायकोने तिच्यावरचं काँक्रीट बोटाने खरवडून पाहिलं. खड्ड्यात फोमचा तुकडा बसला, तेव्हा तंद्रीनाथ चाचरत म्हणाले, "जरा पाय ठेवून बघतेस?"

तिने चपला काढल्या, मोजे काढले आणि तुकड्यावर उभी राहिली. हळूहळू तिचे डोळे मिटले.

"अगं बाई! खरंच गार लागत नाही!"

तंद्रीनाथांना भरून आलं. सगळे कष्ट फळाला आले होते.

"यावर झोपलं तरी चालेल, नाही?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"अगं, आरामात! वर काँक्रीट पडलं तरी ऊब कुठे जात नाही!"

"मग प्रश्नच मिटला," ती मोजे चढवत म्हणाली. "घरची जुनी गादी मी घेते. तुम्ही झोपा जमिनीवर!"