तीस डिसेंबर

संघाच्या यादीत केदारचं नाव नाही हे कळल्यावर धनश्रीने सर्वांत आधी गॅस बंद केला, आणि मग नवऱ्याला धारेवर धरलं.

"तुमच्या रजेमुळे झालंय हे सगळं."

सदाशिव सिल्वासाच्या प्रशासनात वरिष्ठ कारकून होता. टोकरखाड्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये संध्याकाळी पायजमा घालून बसल्यावर आपण कुठल्याही गोष्टीला जबाबदार नसतो, अशी त्याची समजूत होती. "कुठली रजा?"

"बारा वर्षांपूर्वीची! डॉक्टर म्हणत होते, घाई नाही, चार दिवस वाट पाहू. तुम्ही काय म्हणालात? 'दोन किरकोळ रजा शिल्लक आहेत, एकतीसला लॅप्स होतील.' झाला पोरगा तीस डिसेंबरला!"

"अगं, पण त्याचा फुटबॉलशी काय संबंध?"

संबंध होता, आणि धनश्रीने तो स्वतः शोधून काढला होता. बी.एस्सी.ला तिला संख्याशास्त्र होतं. एका वर्षात, जानेवारी ते डिसेंबर, जन्मलेल्या मुलांचा एक गट, असा स्पर्धेचा नियम होता. म्हणजे केदार ज्यांच्याशी धक्काबुक्की करणार ती मुलं त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी. दोन दिवस उशिरा जन्मला असता तर पुढच्या गटात सगळ्यांत थोरला ठरला असता, कदाचित कॅप्टनसुद्धा. आता तो शेजाऱ्यांकडून आणलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रोज मैदानावर जायचा आणि लाइनीबाहेर गेलेले बॉल आणून द्यायचा. बूट मात्र रात्री उशाशी घेऊन झोपायचा.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली. पी.टी.चे नारायण सर शिट्टी गळ्यात अडकवून उसाचा रस पीत होते.

"सर, तो लखन बघा. त्याला मिशी आहे."

"लव आहे हो, वहिनी."

"लव? काल माझ्याकडे आला आणि 'केदार आहे का' म्हणाला. मला वाटलं गॅसवाला आला. आपण आधीच्या महिन्यांत जन्मलेली थोराड पोरं घेताय आणि त्याला खेळ म्हणताय. याची जन्मतारीख काय?"

"एक जून."

"आणि त्या गोलकीपरची?"

"एक जून."

"त्या डावीकडच्या उंचाड्याची?"

सरांनी रसाचा ग्लास खाली ठेवला. "वहिनी, कशाला त्रास करून घेता? सगळा संघच एक जूनचा आहे."

यात काही लबाडी नव्हती. नरोलीत, राखोलीत कारखान्यांवर आलेल्या लोकांनी पोरं शाळेत नेली, मास्तरांनी तारीख विचारली, आईबापांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मास्तरांनी शाळा उघडते त्या महिन्याची पहिली तारीख लिहिली. वर्ष पोराच्या अंगलटीवरून ठरायचं.

"मग खरं वय तपासा," धनश्री म्हणाली.

"कसं?"

या प्रश्नाला उत्तर असेल असं सरांना वाटलं नव्हतं, पण आता विचारून बसलेच होते. शेवटी त्यांनी जुन्या मास्तरांचीच पद्धत काढली. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायचा. कान हाताला लागला की पोरगं पहिलीत घालण्याजोगं झालं. सगळा संघ ओळीत उभा राहून कान धरू लागला. रस्त्यावरून जाणारे लोक शिक्षा बघायला थांबले. लखनचा हात कान ओलांडून हनुवटीपर्यंत गेला. केदारने मान वाकडी केली, जीभ बाहेर काढली, आणि मधल्या बोटाचं नख कसंबसं टेकवलं.

"दोघंही पहिलीला पात्र आहेत," सर गंभीरपणे म्हणाले. "याहून जास्त यातून काही सिद्ध होत नाही."

"मग त्याच्या आईला बोलवा. आईला तरी माहीत असेल."

लखनची आई भिमाबाई शिफ्ट सुटल्यावर तशीच आली. केसांत कारखान्याचा धागा अडकलेला, हातात डबा. मूळची धुळ्याकडची. "काय केलं मना पोऱ्यानं? कोणाची काच फोडली?"

"काच नाही हो. तो कधी जन्मला तेवढं सांगा."

"त्ये मास्तरला माहीत."

"मास्तर होते का तिथं? तुम्ही होता ना?"

हे भिमाबाईला पटलं. ती मैदानावरच मांडी घालून बसली. "बघा ताई, राखोलीचा तो धाग्याचा कारखाना आहे ना, त्याचा भोंगा पयल्यांदा वाजला त्या दिशी संक्रांत व्हती. शेठनं तिळगूळ वाटला. मी तव्हा तठे विटा वाहत व्हते. लखन पोटात. भोंगा वाजला तसा त्यानं आतून अशी लाथ मारली, की हातातली वीट सुपरवायझरच्या पायावर!"

"तेव्हाच फुटबॉलर," सर पुटपुटले.

"मग होळीले झाला."

धनश्रीचा चेहरा उतरला. तो भोंगा तिलाही आठवत होता. तेव्हा ती राखोलीच्याच रस्त्याला भाड्याने राहायची. त्याच संक्रांतीला सासूबाईंनी हौसेने नातवाला हलव्याचे दागिने घातले होते, भोंगा वाजला, आणि पंधरा दिवसांच्या केदारने असा टाहो फोडला की मुकुट दुधाच्या पातेल्यात जाऊन पडला. म्हणजे केदार बाहेर येऊन रडत होता तेव्हा लखन अजून आतच होता.

"म्हणजे लखन लहान आहे?" सर म्हणाले. "केदारपेक्षा?"

"मास्तरनं पाह्यलं, हात कानाले लागला, तर वय वर्षानं वाढवून टाकलं," भिमाबाई म्हणाली. "पण तुमना पोऱ्या कोन्ता?"

धनश्रीने बोट दाखवलं. भिमाबाईने केदारला नीट पाहिलं, दंड चाचपला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हा थोरला? अगं माय! काय घालता याले खायला? नुसता वरणभात?"

"दूध घेतो, बदाम घेतो..."

"सर," भिमाबाई उठली, "याले घ्या संघात. नाही घेतलं, तर मना लखन येनार नाही. मोठ्याले बाहेर बसवून लहाना खेळतो का कुठं?"

अशा रीतीने वयाने थोरला म्हणून केदारची निवड झाली. धनश्रीला रडावं की हसावं कळेना. तिने सदाशिवला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बघ, रजा वाया नाही गेली."

पण आठवड्याने स्पर्धेच्या आयोजकांकडून कागद परत आले. नारायण सर घरी आले ते घाम पुसत.

"वहिनी, घोटाळा झालाय. केदारच्या तारखेवर शेरा मारलाय, 'संशयास्पद'."

"अहो, दवाखान्याचा दाखला जोडलाय!"

"तेच तर. ते म्हणतात, सगळ्या संघाची तारीख एक, आणि या एकाच पोराची वेगळी कशी? त्यात वेळसुद्धा लिहिलीय, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. एवढं नेमकं कोणी जन्मतं का? बनावट वाटतंय म्हणे."

सदाशिवने पेपर खाली घेतला. "सर, त्या दिवशीच्या माझ्या रजेचा अर्ज मंजूर आहे. तो दाखवा."

"नको. मी तिथल्या तिथं एक जून करून टाकलं. लगेच मंजूर झालं."

धनश्रीला हे अजिबात आवडलं नाही. पण आतल्या खोलीत केदार नव्या जर्सीत आरशासमोर उभा होता. जर्सी गुडघ्यापर्यंत होती. ती सुईदोरा शोधू लागली.

सामन्याच्या दिवशी ती दाखल्याची खरी प्रत पर्समध्ये घेऊन, पाण्याची बाटली, ग्लुकोज, मलम आणि पट्ट्या सांभाळत पहिल्या ओळीत बसली. शेजारी भिमाबाई शेंगा फोडत होती. समोरचा संघ वापीकडच्या एका वसाहतीचा. टेम्पोतून पोरं उतरली. त्यांच्यामागून एक जण लुनावर आला, लुना स्टँडला लावली, चावी खिशात घातली, आणि मनगटावरचं घड्याळ काढून एका पोराकडे दिलं.

"हा प्रशिक्षक का?" धनश्रीने विचारलं.

तो बाकीच्यांबरोबर जर्सी घालू लागला. पोरं त्याला काका म्हणत होती. काका पंचांकडे जाऊन म्हणाले, "साहेब, साडेपाचपर्यंत आटपेल ना? मारी सेकंड शिफ्ट छे." आणि केदारच्या समोर, हाताच्या अंतरावर, जाऊन उभे राहिले. केदारचं डोकं त्यांच्या बरगड्यांपाशी येत होतं.

धनश्री उठली. बाटली पडली, ग्लुकोज सांडलं, आणि ती थेट मैदानात धावली.

"थांबवा! माझा मुलगा खेळणार नाही!"

"आई, जा ना!" केदार ओरडला.

"अहो पंच, तो एक जूनचा नाही! लहान आहे तो, डिसेंबरचा आहे! हा बघा दाखला. वेळसुद्धा आहे! या... या काकांसमोर कसा उभा करता त्याला?"

पंच शांत माणूस होते. त्यांनी दाखला वाचला. मग समोरच्या संघाचे कागद मागवून चाळले.

"बाई, तुमच्या शाळेचे मास्तर जून लिहितात. यांचे मास्तर जास्त हुशार दिसतात, शेवटची तारीख लिहितात. हा सगळा संघ एकतीस डिसेंबरचा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जूनचा कागद धरा नाही तर हा दाखला धरा, तुमचा मुलगाच मोठा आहे. एका दिवसाने का होईना."

काकांनी लाजून खाली पाहिलं. पंचांनी दाखल्याची घडी घालून ती तिच्या हातात दिली, तिला अदबीने लाइनीबाहेर आणून सोडलं, आणि परत जाऊन केदारच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळा, जरा सांभाळून खेळ हं. समोरचा लहान आहे."

केदारने जबाबदारीने मान हलवली, आणि शिट्टी वाजली.