मल्लूअण्णांचं माप

घसा दुखतोय असं कुणी नुसतं म्हटलं, तरी मल्लूअण्णा त्याच्या गळ्याला टेप लावायचे. मग मापांची वही उघडायचे.

"दिन्या, पाडव्याच्या शर्टाला तुझा गळा पंधरा हुता. आज साडेपंधरा भरतोय. सूज हाय."

"अण्णा, मी जाड झालोय."

"पोटानं जाड हो की! गळ्यानं कशाला होतोस?"

दिन्या म्हणजे आमच्या शिवाजी पेठेतल्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, सहा फुटी गडी. तोसुद्धा अण्णांच्या टेपखाली मान वर करून गुमान उभा राहायचा.

अण्णा टेलर. त्यांचं दुकान आणि माझा नेट कॅफे यांच्यात एकच भिंत. शर्टापासून पोलक्यापर्यंत सगळं ते शिवायचे आणि काज-बटणं त्यांच्या पत्नी, गंगव्वा, करायच्या. तापानं त्या गेल्याला बारा वर्षं झाली होती. अण्णा त्याबद्दल कधी अवाक्षर काढत नसत, आणि आम्हीही विचारत नसू.

स्वाइन फ्लूचं ते वर्ष. पुण्याहून रोज कुणी ना कुणी गेल्याची बातमी यायची. शाळा बंद, लग्नं पुढं ढकललेली. पेठ तोंडाला रुमाल बांधून फिरत होती आणि त्या रुमालात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. कॅफेत चिटपाखरू फिरकेना. रिकामा बसलो होतो, तेव्हा मला एक परदेशी साइट सापडली. फॉर्ममधल्या प्रश्नांची उत्तरं दिली की ती शेवटी रंग दाखवायची. हिरवा म्हणजे घरी विश्रांती घ्या, पिवळा म्हणजे डॉक्टरला दाखवा, लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा. गंमत म्हणून मी ती अण्णांना दाखवली. तिथंच चुकलो.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा गिऱ्हाईक हाताला धरून कॅफेत आणू लागले. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता. प्रश्न मी वाचायचा आणि उलटतपासणी त्यांनी घ्यायची. "खोकला कोरडा का वला? वला म्हंजे किती वला?" कुणी जरा अडखळलं की टेबलावर थाप पडायची. "माप चोरू नगंस! माप चोरलं की कापड अंगात बसत न्हाई!" दिन्याला हिरवा रंग आला, तरी अण्णांनी त्याच्याकडून फॉर्म आणखी दोनदा भरून घेतला. आम्ही हसायचो, पण ते हसू रुमालाच्या आतच राहायचं. आज हसलेला माणूस उद्या दिसेल याची कुणालाच खात्री नव्हती.

मग माझी आई तापानं पडली. अण्णांना कळलं तसे ते घरी आले आणि आधी तिच्या दंडाचं माप घेतलं. मग मला कॅफेत नेऊन फॉर्म भरायला बसवलं. पिवळा आला.

"साधा ताप हाय अण्णा," मी म्हटलं. "उद्या बघू."

"उद्या?" अण्णा एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरचा पानवाला उठून उभा राहिला. "उद्या म्हंजे काय असतंय रं?"

त्यांनीच रिक्षा आणली. सरकारी दवाखान्यात ही रांग. चार तास आई बाकड्यावर अंग चोरून बसली होती आणि दोन्ही बाजूंनी माणसं खोकत होती. शेवटी डॉक्टरांनी तपासलं, साधाच ताप आहे म्हणाले आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. माझं डोकं फिरलं. परत आल्यावर भर रस्त्यात मी अण्णांना नको नको ते बोललो.

"तिथं बसून तिला रोग लागला असता म्हंजे? तुम्हाला भ्यायचं येड लागलंय अण्णा. परत माझ्याकडं फॉर्म भरायला येऊ नका."

 अण्णा गळ्यातला टेप काढून बोटांवर गुंडाळत दुकानात गेले.

चार दिवस भिंतीपलीकडून नुसता मशीनचा आवाज येत होता. पाचव्या दिवशी दुपारी अण्णा आले. बगलेत एक जुनी, कडा झिजलेली वही होती.

"संजू, एक फॉर्म भर. शेवटचा."

"कुणाचा?"

"भर की. बाई. वय पंचेचाळीस."

मी भांडण पुढं न वाढवता वाचायला लागलो. ताप आहे का?

"पंधरा दिस. मधी उतरला, परत चढला."

धाप लागते का?

"व्हय. जिन्यात मधीच बसायची."

छातीत दुखतं?

"सांगायची न्हाई. पण हात हितं धरायची."

माझी बोटं थांबली. अण्णांनी वही उघडून माझ्यापुढं ठेवली. दिवाळीच्या कापडांचं पान होतं. त्यात एका ओळीत 'गंगव्वा' आणि पुढं दंडाचं माप, एकदा खोडून पुन्हा लिहिलेलं.

"दिवाळीचं पोलकं तिचं. दंड मागल्या मापापेक्षा इंचभर कमी भरला. मी शिवण आत घेतली बघ. इचारलं न्हाई. कापडं लई हुती. म्हटलं, दिवाळी झाली की दावू डॉक्टरला."

मी शेवटचं बटण दाबलं. पडदा लाल झाला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण रंग येत होते.

"अण्णा," मी म्हणालो, "धाप काय, दगदगीनं पण लागतीया. तिथं न्हाई म्हणू या. मी परत भरतो." काहीही करून मला त्या माणसाला हिरवा रंग दाखवायचा होता.

"माप चोरू नगंस, संजू," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

बराच वेळ ते त्या लाल पडद्याकडं बघत बसले. भर रस्त्यात जे बोललो होतो ते सगळं मला आठवत होतं आणि लाज वाटत होती. मग त्यांनी वही मिटली.

"अक्कांचा ताप कसा हाय?" त्यांनी माझ्या आईचं विचारलं.

"उतरलाय अण्णा."

"उतरलेला परत चढतोय रं."

मी उठलो आणि कॅफेचं शटर ओढलं. "चला अण्णा. टेप हाय न्हवं?"

आई सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. अण्णांनी दारात चपला काढल्या. "अक्का, जरा हात पुढं करा." टेप दंडाभोवती फिरवला. आकडा बघितला. सोडला आणि पुन्हा फिरवला.

"तेवढाच हाय," ते म्हणाले. "संजू, बघ. परवाच्याएवढाच हाय."

आणि आईचा हात तसाच धरून मल्लूअण्णा रडायला लागले.