आठ मीटरच्या नाल्यावर तीस मीटरचा सांडवा

प्रशिक्षण वर्गातल्या वीसही अभियंत्यांचं उत्तर एकच आलं, आणि तिथेच घोळ झाला. नाला आठ मीटर रुंद आणि त्यावरच्या बांधाचा सांडवा तीस मीटर!

"सर, जादा पाणी सोडायला एवढी मोठी वाट? नालाच अपुरा पडतोय," मागच्या बाकावरून एक जण म्हणाला.

"पावसाचे आकडे बरोबर, तर सांडवाही बरोबर," सरांनी ठणकावलं.

आकडे सरांच्या बायकोचे होते. परसातल्या पर्जन्यमापकाची एकोणीस वर्षांची नोंदवही, सुबक अक्षरातली. बायको जाऊन आठ महिने झाले होते. वही तिच्या नावानिशी अभ्यासक्रमाच्या पुस्तकात छापावी म्हणून सरांनी प्राचार्यांचा पिच्छा पुरवला होता आणि प्राचार्य आज नेमके तेच ठरवायला वर्गात येऊन बसले होते. फळ्यावरचा सांडवा बघून ते गालात हसले. सरांचा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची अभियंता उठली. "सर, प्रत्येक मोठ्या पावसाआधी आठ-दहा दिवस एकदम कोरडे कसे?"

"कोरडे म्हणजे कोरडे! ती एकही दिवस चुकवायची नाही." सरांचा पारा चढला. साक्षीला म्हणून त्यांनी भर वर्गात मुलीला फोन लावला, वर स्पीकरही चालू केला. हौसच ती!

"अहो बाबा, तुम्ही दौऱ्यावर गेलात की आई मापक उघडायचीच नाही," मुलगी म्हणाली. "म्हणायची, ते आले की दोघं मिळून बघू. सगळा पाऊस तुम्ही आलात त्या दिवशी लिहायची."

"मग मला कधी बोलली कशी नाही?"

"तुम्ही आलात की थेट वहीच मागायचात. मग ती एकटीच जाऊन मोजून यायची."

सरांना स्पीकर बंद करायचंही सुचेना.

प्राचार्य घसा खाकरत म्हणाले, "छापू आपण वही, सर. बाईंच्या नावानेच. 'सदोष नोंदी कशा ओळखाव्यात' या धड्यात घालू."

सरांनी मान हलवली. मागितलं होतं तेच पदरात पडलं होतं, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती.

वर्ग लगेच कामाला लागला. एका दिवसावर चढलेला पाऊस दौऱ्याच्या दिवसांत वाटून टाकला, की सांडवा नाल्यात बसणार होता.

"हा दौरा किती दिवसांचा, सर?"

"नऊ."

"त्यात कुठल्या दिवशी किती पडला असेल?"

सरांनी वहीतलं ते सुबक अक्षर पाहिलं.

"ते मला कसं सांगता येणार?" ते म्हणाले. "मी घरी नव्हतो ना."